लाडक्या कार्डांचा डेक जिंकताही यायला हवा: डेक बांधण्याचा क्रम

ट्रेडिंग कार्ड गेममध्ये, म्हणजे जमवलेल्या कार्डांतून स्वतःचा संच (डेक) बांधून खेळायच्या खेळात, मजा आणि जिंकणं यांचा मेळ घालायचा म्हणजे अर्धी कार्डं आवडीची घ्यायची आणि अर्धी स्पर्धा जिंकणाऱ्यांच्या यादीतली, असा बऱ्याच जणांचा समज असतो. असा डेक दोन्हीकडून जातो. आवडीचं कार्ड हातात येतं तेव्हा त्याला लागणारी साथ डेकमध्ये नसते आणि ताकदीचं कार्ड येतं तेव्हा ते भलत्याच डेकसाठी बनलेलं असतं. दहा डाव हरल्यावर माणूस वैतागतो, आवडीची कार्डं काढून टाकतो, कुणाची तरी तयार यादी जशीच्या तशी उतरवतो आणि महिन्याभरात त्याला खेळाचाच कंटाळा येतो.

खरं तर आवड आणि शिस्त यांच्या जागाच वेगळ्या आहेत. आवड डेकच्या गाभ्यात ठेवायची आणि स्पर्धेची सगळी शिस्त त्या गाभ्याभोवतीच्या सांगाड्यात ओतायची. हे जमण्यासाठी कामं ठरावीक क्रमाने करावी लागतात. हा लेख त्या क्रमाचा आहे. उदाहरणं मॅजिक, पोकेमॉन आणि यू-गी-ओ या तीन खेळांतली घेतली आहेत. तुम्ही दुसरा खेळ खेळत असाल तर आकडे बदलतील, क्रम तोच राहील.

## सुरुवातीची तयारी

कार्डं पसरण्याआधी फॉरमॅटचे (तुम्ही खेळता त्या खेळप्रकाराचे) नियम कागदावर लिहून काढा. पाठ आहेत असं वाटलं तरी लिहा.

मॅजिकच्या नेहमीच्या साठ कार्डी डेकमध्ये किमान 60 कार्डं लागतात आणि बेसिक लॅन्ड (माना, म्हणजे कार्डं खेळायला लागणारी शक्ती, देणारी साधी कार्डं) सोडून कुठल्याही कार्डाच्या जास्तीत जास्त 4 प्रती चालतात. साइडबोर्ड (सामन्यातल्या दोन डावांमध्ये अदलाबदल करायची राखीव कार्डं) 15 कार्डांपर्यंत. मॅजिकच्याच कमांडर या फॉरमॅटमध्ये कमांडर, म्हणजे डेकचं म्होरकं कार्ड, धरून बरोबर 100 कार्डं आणि बेसिक लॅन्ड सोडून प्रत्येकाची एकच प्रत. पोकेमॉनमध्ये बरोबर 60, एक कमी नाही आणि एक जास्त नाही. बेसिक एनर्जी (हल्ल्याला लागणारी शक्ती देणारी कार्डं) सोडून एका नावाची 4 कार्डं. यू-गी-ओमध्ये मुख्य डेक 40 ते 60, एक्स्ट्रा डेक (खास पद्धतीने उतरवायच्या कार्डांचा वेगळा गठ्ठा) 15 पर्यंत, साइड डेक (इथला साइडबोर्ड) 15 पर्यंत आणि एका कार्डाच्या 3 प्रती, पण बंदीची आणि मर्यादित कार्डांची यादी वेगळी असते आणि ती बदलत राहते.

याशिवाय दोन गोष्टी जवळ ठेवा: एक वही आणि एकसारखे स्लीव्ह (कार्डांवर घालायची प्लॅस्टिकची पाकिटं). वही का, ते सातव्या टप्प्यात कळेल.

सावधान: कार्डं लगेच विकत घेऊ नका. नसलेल्या कार्डाचं नाव आणि मजकूर चिठ्ठीवर लिहून ती स्लीव्हमध्ये दुसऱ्या कार्डावर सरकवा आणि मित्रांबरोबर तसंच खेळा. अधिकृत स्पर्धेत अशा चिठ्ठ्या चालत नाहीत, पण तिथवर जायला अजून वेळ आहे.

## टप्पा 1: तुमचा क्षण एका वाक्यात लिहा

क्षण म्हणजे डावातली ती घटना, जिच्यासाठी तुम्हाला हा डेक खेळायचा आहे. सगळ्यात जास्त चुका इथे होतात, कारण हा टप्पा बहुतेक जण ओलांडूनच जातात. “मला ड्रॅगन आवडतात” हे वाक्य डेक बांधायला पुरत नाही. ड्रॅगनचं चित्र आवडतं? तो टेबलावर उतरल्यावर समोरच्याचा चेहरा पडतो, ते आवडतं? की स्मशानात (वापरून झालेल्या कार्डांच्या ढिगात) टाकलेला ड्रॅगन फुकटात परत आणण्याची युक्ती आवडते? या तीन आवडींचे तीन वेगवेगळे डेक होतात.

मॅजिकचे मुख्य डिझाइनर मार्क रोझवॉटर खेळाडूंचे तीन स्वभाव सांगतात: टिमीला काहीतरी भव्य अनुभवायचं असतं, जॉनीला स्वतःची शक्कल दाखवायची असते, स्पाइकला आपलं कसब सिद्ध करायचं असतं. बहुतेकांमध्ये तिन्ही थोडेथोडे असतात. या डेकपुरता तुमच्यातला कोण बोलतोय, ते ओळखा.

मग वाक्य लिहा. उदाहरणार्थ:

- “सहाव्या टर्नपर्यंत मला एक मोठा ड्रॅगन उतरवून त्याच टर्नमध्ये हल्ला करायचा आहे.”
- “माझ्या छोट्या प्राण्यांची फौज एवढी वाढली पाहिजे की समोरच्याला कुणाला अडवावं हेच कळू नये.”
- “मला दोन निरुपयोगी समजली जाणारी कार्डं एकत्र वापरून काम करून दाखवायचं आहे.”

वाक्य लिहून झालं की त्याला एक प्रश्न विचारा: हा क्षण मी हरलेल्या डावातही येऊ शकतो का? याकडे कुणी फारसं लक्ष देत नाही, म्हणून जरा थांबून सांगतो. यू-गी-ओमधला एक्झोडिया घ्या. त्याचे पाचही भाग हातात आले की डाव तिथल्या तिथे जिंकला. पण प्रत्येक भागाची एकच प्रत ठेवता येते. 40 कार्डांच्या डेकमधून सुरुवातीचा 5 कार्डांचा हात एकूण 6,58,008 प्रकारे येऊ शकतो आणि त्यातल्या एकाच हातात पाचही भाग असतात. म्हणजे उरलेला सगळा डेक नुसता कार्डं ओढण्यासाठी. भाग जमले तर आनंद, नाही जमले तर पूर्ण डावात काहीच घडलेलं नसतं. ज्या क्षणाने डाव संपतो, तोच एकमेव क्षण असेल तर हरलेला प्रत्येक डाव कोरडा जातो. चौथ्या-पाचव्या टर्नला येणारा आणि त्यानंतरही डाव चालू राहील असा क्षण निवडा. मग निकाल काहीही लागो, तुम्ही खेळलात असं वाटतं.

तपासा: तुमच्या वाक्यात कितवा टर्न ते लिहिलं आहे का? “जिंकणं” हा शब्द वगळूनही त्या वाक्याला अर्थ राहतो का? दोन्हींचं उत्तर हो असेल तरच पुढे जा.

## टप्पा 2: टेबलाचा वेग मोजा

डेक जोरदार आहे की कच्चा, हे टेबलाशिवाय ठरत नाही. ज्यांच्याशी खेळणार आहात त्यांचे शेवटचे पाच डाव आठवा किंवा बसून बघा आणि प्रत्येक डाव कितव्या टर्नला *ठरला* ते लिहा. संपला कधी हे लिहू नका. निकाल कधी स्पष्ट झाला, ते लिहा. त्या पाच आकड्यांतला मधला आकडा म्हणजे तुमच्या टेबलाचा वेग.

आता वजाबाकी करा. टेबल पाचव्या टर्नला ठरतं आणि तुमचा क्षण आठव्या टर्नला येतो, तर तुम्हाला तीन टर्नांचं अंतर भरून काढायचं आहे. भरायचे मार्ग दोनच: क्षण अलीकडे आणायचा, नाहीतर तेवढे टर्न तग धरायचा. सांगाडा कसा बांधायचा हे या एका आकड्यावरून ठरेल, म्हणून तो वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

कमांडर खेळत असाल तर 2025 मध्ये आलेल्या पाच ब्रॅकेटचा (डेकच्या ताकदीच्या पायऱ्यांचा) आधार घ्या. पहिल्या दोन ब्रॅकेटमध्ये “गेम चेंजर” या फार ताकदवान कार्डांच्या यादीतलं एकही कार्ड नसतं, तिसऱ्यात तीनपर्यंत चालतात, चौथ्यापासून ही मर्यादा सुटते आणि पाचवं पूर्ण स्पर्धात्मक खेळासाठी आहे. पण ब्रॅकेटचा आकडा हे संभाषण सुरू करायचं साधन आहे. गेम चेंजर एकही नसलेला डेकसुद्धा चौथ्या ब्रॅकेटसारखा धावू शकतो.

नेहमीची चूक: इंटरनेटवरच्या मोठ्या स्पर्धेचा वेग धरून घरच्या टेबलासाठी डेक बांधणं. असा डेक सगळे डाव जिंकतो आणि मग कुणी तुमच्याशी खेळायला बसत नाही. उलटी चूकही तितकीच सर्रास होते: घरच्या टेबलावर चाललेला डेक तसाच उचलून स्पर्धेला नेणं.

## टप्पा 3: गाभा मोजून घ्या

तुमचा क्षण घडवणारी कार्डं, म्हणजे लाडकी कार्डं, आता बाजूला काढा. साठ कार्डी डेकमध्ये ही 12 च्या वर जाऊ देऊ नका. हा काही नियम नाही, पण बारा ओलांडली की सांगाड्याला जागा कमी पडते, असा माझा अनुभव आहे.

किती प्रती ठेवायच्या ते भावनेवर सोडू नका. 60 कार्डांचा डेक आणि सुरुवातीला 7 कार्डं असतील, तर एखादं कार्ड पहिल्या हातात निदान एकदा येण्याची शक्यता अशी:

- 1 प्रत: सुमारे 12 टक्के
- 2 प्रती: 22 टक्के
- 3 प्रती: 31.5 टक्के
- 4 प्रती: 40 टक्के
- एकच काम करणारी 8 कार्डं: 65 टक्के
- एकच काम करणारी 12 कार्डं: 81 टक्के

यातले शेवटचे दोन आकडे महत्त्वाचे आहेत. चार प्रती पूर्ण ठेवल्या तरी पाचपैकी तीन डावांत ते कार्ड सुरुवातीला दिसणार नाही. म्हणून ज्याची गरज पहिल्या टर्नांत लागते, ते काम करणारी वेगवेगळ्या नावांची आठ ते बारा कार्डं हवीत. याउलट, सहा-सात माना लागणारा ड्रॅगन सुरुवातीच्या हातात आला तर तो नुसता बसून राहतो. त्याच्या दोन-तीन प्रती आणि त्याला शोधून आणणारी एक-दोन कार्डं हे जास्त बरं.

पोकेमॉनमध्ये आणखी एक सापळा आहे. सहा कार्डं प्राइझ (समोरच्याचा पोकेमॉन हरवल्यावर एकेक उचलायची बक्षीस कार्डं) म्हणून सुरुवातीलाच बाजूला जातात, म्हणजे एकाच प्रतीचं कार्ड दहातल्या एका डावात सुरुवातीलाच प्राइझमध्ये अडकतं. ज्याच्यावर सगळा डेक उभा आहे, त्या कार्डाची एकच प्रत कधीही ठेवू नका.

सावधान: लाडक्या कार्डांचे दोन गट झाले आणि ते एकमेकांना मदत करत नसतील, तर ते दोन डेक आहेत. दुसरा गट डब्यात ठेवा. “दोन्ही थोडं थोडं” असं म्हणालात की दोन्ही क्षण हातचे जातात.

## टप्पा 4: सांगाडा बांधा; इथे मजेला जागा नाही

या टप्प्यावर मी जास्त वेळ घेणार आहे, कारण मजा आणि जिंकणं यांचा तोल इथे साधतो.

सांगाडा म्हणजे कार्ड खेळायला लागणारी साधनं (लॅन्ड, एनर्जी), कार्डं ओढणं आणि शोधणं, आणि सुरुवातीचे टर्न रिकामे जाऊ न देणारी स्वस्त कार्डं. ही दिसायला नीरस असतात. आवडतं कार्ड बसवायला जागा हवी म्हणून लोक इथूनच कापतात, आणि डेक तिथेच मोडतो.

माझा पहिला ड्रॅगन डेक असाच होता. 20 लॅन्ड, आणि सहा किंवा जास्त माना लागणारी 14 कार्डं. दोन महिने हरलो. ड्रॅगन कमकुवत आहेत असं वाटून त्याहून मोठे ड्रॅगन घातले आणि आणखी हरलो. शेवटी वहीत साधा गुणाकार केला. मॅजिकमध्ये पहिला टर्न आपला असेल तर सहाव्या टर्नपर्यंत 12 कार्डं दिसतात. 60 मध्ये 20 लॅन्ड असतील तर त्या 12 मध्ये सरासरी 4 लॅन्ड येतात. म्हणजे सहा मानाचा ड्रॅगन सहाव्या टर्नला उतरणं हा अपवाद होता. लॅन्ड 26 केल्यावर सरासरी 5.2 झाली, माना वाढवणारी स्वस्त कार्डं घातल्यावर उरलेलं अंतर भरलं. मोठी कार्डं 14 वरून 7 वर आली. ड्रॅगन निम्मे झाले, पण टेबलावर ते दुपटीहून जास्त वेळा दिसू लागले. तेव्हापासून मी लाडक्या कार्डांची संख्या डेकमध्ये मोजत नाही, ती किती वेळा खेळली गेली ते मोजतो.

मॅजिकसाठी अंदाज. वेगवान, स्वस्त कार्डांच्या डेकला 20 ते 22 लॅन्ड, मधल्याला 24, मोठ्या कार्डांच्या किंवा सावकाश डेकला 26 च्या आसपास. 24 लॅन्ड असतील तर पहिल्या सात कार्डांत 2 ते 4 लॅन्ड येण्याची शक्यता सुमारे 77 टक्के असते. कमांडरमध्ये 36 ते 38 लॅन्ड, माना वाढवणारी 10 आणि कार्डं ओढणारी 10 इथून सुरुवात करा. दहा म्हणजे जास्त होतात असं वाटेल, पण 99 कार्डांतल्या त्या दहापैकी निदान एक पहिल्या हातात येण्याची शक्यता फक्त 54 टक्के आहे.

मग किमतीप्रमाणे कार्डं ओळीने मांडा: एक मानाची, दोनची, तीनची, पुढची. दोन मानाच्या रांगेत सात-आठ कार्डंही नसतील तर तुमचे पहिले टर्न बघत बसण्यात जाणार आहेत.

पोकेमॉनसाठी अंदाज. सुरुवातीच्या हातात एकही बेसिक पोकेमॉन (थेट हातातून उतरवता येणारा) नसेल तर हात परत पिसावा लागतो आणि समोरच्याला एक जादा कार्ड घेता येतं. डेकमध्ये 8 बेसिक असतील तर हे जवळपास 35 टक्के वेळा घडेल, 12 असतील तर 19 टक्के. नेस्ट बॉलसारखी कार्डं बेसिक शोधून बेंचवर (राखीव पोकेमॉनच्या जागेवर) आणतात, पण पहिल्या हातातला बेसिक त्यांनी मिळत नाही. तो हातातच असावा लागतो. तुमचा लाडका स्टेज 2 (बेसिकवरून दोन टप्प्यांत वाढणारा) पोकेमॉन असेल तर रेअर कँडीला जागा ठेवा, कारण ती मधला टप्पा वगळते. शिवाय एका टर्नमध्ये हातातून एकच एनर्जी लावता येते. तीन एनर्जीचा हल्ला म्हणजे तीन टर्न, जर एनर्जी लवकर लावणारी दुसरी काही सोय डेकमध्ये नसेल तर. दुसऱ्या टप्प्यातला अंतराचा आकडा काढा आणि याच्याशी ताडून पाहा.

यू-गी-ओसाठी अंदाज. इथे मलिगन (नको असलेला सुरुवातीचा हात बदलून घेणं) नाही, आलेला हात तोच. म्हणून डेक 40 चाच ठेवा. तीन प्रती असलेलं कार्ड 40 मधून पहिल्या पाचात येण्याची शक्यता सुमारे 34 टक्के असते, 60 मधून 23 टक्के. “सगळी आवडती कार्डं बसतात” म्हणून साठचा डेक करणारा खेळाडू आपल्याच आवडत्या कार्डांना भेटायला वेळ लावत असतो. खेळी सुरू करून देणारी कार्डं 9 असतील तर 74 टक्के हातांत निदान एक येतं, 12 असतील तर 85 टक्के.

तपासा: सांगाड्यातल्या प्रत्येक कार्डाकडे बोट दाखवून सांगा की ते तुमच्या पहिल्या टप्प्यातल्या वाक्याला कशी मदत करतं. “तसं चांगलं कार्ड आहे” हे उत्तर आलं तर ते काढा. सगळीकडे चांगलं असणारं कार्ड तुमच्या डेकमध्ये चांगलं असेलच असं नाही.

## टप्पा 5: उत्तरं निवडा, पण समोरच्याचाही विचार करा

समोरच्याच्या चाली थांबवणारी कार्डं साठमध्ये सहा ते आठ पुरतात. निवडताना सरधोपट यादी घेऊ नका. तुमच्या टेबलावर तुम्ही ज्या तीन डेककडून हरता, त्यांची नावं लिहा आणि प्रत्येकापुढे लिहा की नेमकं काय थांबवलं असतं तर तुमचा क्षण आला असता. सहसा तिन्हींमधून एक-दोनच गोष्टी निघतात.

इथे एक निर्णय मनापासून घ्यावा लागतो. काही उत्तरं समोरच्याची एक चाल थांबवतात, काही त्याचं खेळणंच थांबवतात: सगळे लॅन्ड उद्ध्वस्त करणारी, कार्ड खेळायलाच बंदी घालणारी, एकापाठोपाठ जादा टर्न घेणारी. नियमात बसतात म्हणून ती सगळीकडे योग्य ठरत नाहीत. मित्रांच्या टेबलावर समोरचा माणूस वीस मिनिटं हातातली कार्डं धरून बसला असेल तर तुमच्या मजेचा खर्च तो भरतोय. मी अशी कार्डं गाभ्यात असलेला डेक आधी सांगितल्याशिवाय काढत नाही. स्पर्धेत मात्र संकोच नको. तिथे दोघेही त्याच तयारीने आलेले असतात.

मॅजिक आणि यू-गी-ओमध्ये तीन डावांच्या सामन्यासाठी साइडबोर्ड असतो. एखाद्याच डेकविरुद्ध उपयोगी पडणारी तिखट उत्तरं तिथे ठेवा, मुख्य डेकमध्ये नको. पोकेमॉनमध्ये साइडबोर्ड नसल्यामुळे एकाच विरोधकासाठी असलेलं कार्ड बाकीच्या सगळ्या डावांत ओझं होतं; तिथे दोन कामं करणारी कार्डं शोधा.

## टप्पा 6: एकट्याने वीस हात वाटा

कुणाशीही खेळण्याआधी डेक नीट पिसा आणि सुरुवातीचा हात काढा. ठेवला असता की बदलला असता ते लिहा. ठेवला असता तर समोर कुणी नाही असं धरून पाच-सहा टर्न खेळा आणि क्षण कितव्या टर्नला आला ते लिहा. परत पिसा. असं वीस वेळा करायचं. दीड-दोन तास जातात, पण आठवडे वाचतात.

साधारण पंधरा हात ठेवण्यासारखे यायला हवेत. बारापेक्षा कमी येत असतील तर दोष सांगाड्यात आहे. चौथ्या टप्प्याकडे परत जा आणि गाभ्याला हात लावू नका. हात चांगले येतायत पण क्षण वीसपैकी आठपेक्षा कमी वेळा ठरलेल्या टर्नला येतोय, तर गाभ्याची किंवा शोधणाऱ्या कार्डांची संख्या कमी आहे.

नेहमीची चूक: “हा हात वाईट होता, हा हिशेबात धरायचा नाही.” प्रत्येक हात हिशेबात धरायचा. वाईट हात मोजण्यासाठीच तर हे करतोय.

## टप्पा 7: दहा डाव, तीन खुणा

आता खरे विरोधक. प्रत्येक डावानंतर वहीत तीन प्रश्नांची हो-नाही उत्तरं लिहा:

1. माझा क्षण आला का?
2. निकाल माझ्या एखाद्या निर्णयावर अवलंबून होता का, की फक्त आलेल्या कार्डांवर?
3. समोरचा याच डेकशी परत खेळायला आनंदाने तयार होता का?

जिंकलो की हरलो, ते चौथ्या रकान्यात. लिहायचं आहेच, पण दहा डावांत त्यावरून फारसं ठरवू नका. दोन अगदी बरोबरीचे डेक दहा डाव खेळले, तर नुसत्या नशिबाने तुम्ही सात किंवा जास्त डाव जिंकण्याची शक्यता 17 टक्के असते. म्हणजे सात जिंकलात म्हणून डेक जबरदस्त ठरत नाही आणि तीन जिंकलात म्हणून मोडीतही निघत नाही. पहिल्या तीन खुणा यापेक्षा लवकर खरं सांगतात.

चौघांच्या कमांडर टेबलावर आणखी जपून. चार सारख्या ताकदीच्या डेकमध्ये प्रत्येकाच्या वाट्याला चारपैकी एक डाव येतो. तिथे दहापैकी तीन जिंकणारा खेळाडू निराश होऊन डेकमध्ये जहाल कार्डं भरतो आणि चांगलं चाललेलं टेबल बिघडवतो, हे मी एकाहून जास्त गटांत पाहिलं आहे.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर स्वतःच ठरवू नका. विचारा. “या डेकशी खेळताना कुठे कंटाळा आला?” असं थेट विचारलं तर लोक सांगतात, “कसा वाटला डेक?” असं विचारलं तर “मस्त” म्हणून मोकळे होतात.

## टप्पा 8: बदल करा, पण एका वेळी तीनच कार्डं

दहा डावांनंतर डेक उचकटून नव्याने बांधायची हौस येते. तीनपेक्षा जास्त कार्डं बदलू नका, नाहीतर कशामुळे फरक पडला ते कळणार नाही.

कापण्याचा क्रम ठरलेला असू द्या. सगळ्यात आधी ती कार्डं, जी तुम्ही जिंकत असतानाच चांगली वाटतात. टेबलावर तीन ड्रॅगन असताना चौथ्याला बळ देणारं कार्ड सुंदर दिसतं, पण रिकाम्या टेबलावर ते काहीच करत नाही. मग दहा डावांत हातात आलं पण एकदाही खेळलं गेलं नाही ते. मग न लागलेली उत्तरं. लाडक्या कार्डांवर शेवटी या, आणि त्यातलं एखादं काढायची वेळ आलीच तर कारण वहीत लिहा: “तीन वेळा हातात आला, तिन्ही वेळा उतरायच्या आधी मेलो.” असं नेमकं कारण लिहिता येत नसेल तर ते कार्ड राहू द्या.

खुणांवरून काय करायचं ते असं ओळखा. क्षण येतोय पण हरताय: उत्तरं कमी आहेत किंवा क्षण उशिरा येतोय. जिंकताय पण क्षण येत नाही: ताकदीची कार्डं गाभ्याला बाजूला सारून स्वतःच डाव चालवतायत. त्यातली दोन काढा, थोडे डाव हरा, पण डेक परत आपल्या हातात घ्या. क्षणही येतो, जिंकताही येतं, पण समोरचा वैतागतो: पाचव्या टप्प्यातला निर्णय पुन्हा तपासा.

तपासा: तीन कार्डं बदलल्यावर पुन्हा दहा हात एकट्याने वाटा. एक लॅन्ड कमी केल्याचा परिणाम डावांत दिसायला महिना लागतो, हातांत तो लवकर जाणवतो.

## टप्पा 9: बदलती पुडी तयार ठेवा

एकच डेक मित्रांबरोबरही चालवायचा आणि स्पर्धेलाही न्यायचा, असं असेल तर आठ ते दहा कार्डांची वेगळी पुडी करा. डेकमधली कुठली आठ कार्डं निघतील आणि त्या जागी पुडीतली कुठली आठ जातील, याच्या जोड्या लावून यादी त्याच डब्यात ठेवा. मऊ रूपात जास्त लाडकी कार्डं, धारदार रूपात शोधणारी कार्डं आणि कडक उत्तरं. लॅन्ड किंवा एनर्जी पुडीत घालू नका. सांगाडा दोन्ही रूपांत तोच राहतो.

खेळायला बसताना दोन वाक्यांत डेकची ओळख द्या: क्षण कुठला आणि साधारण कितव्या टर्नला येतो. “माझा डेक मध्यम आहे” यातून कुणालाच काही कळत नाही, कारण प्रत्येकाला आपला डेक मध्यमच वाटतो. “सहाव्या-सातव्या टर्नला मोठा ड्रॅगन उतरतो, आधी फारसं काही करत नाही, अनंत कॉम्बो (न संपता परत परत चालणारी कार्डांची जोडी) नाही” एवढं सांगितलंत की समोरचा त्याला जुळणारा डेक काढू शकतो. एखाद्या डावात तुमचा डेक जडच पडला तर दुसऱ्या डावाआधी पुडी बदला, आणि बदलल्याचं सांगा.

स्पर्धेच्या आदल्या रात्री पुडीची अदलाबदल करून झाली की कार्डं टेबलावर दहा-दहाच्या ढिगांत मांडून मोजा. मग लेखी यादीशी एकेक नाव ताडा. पुडीतलं एखादं कार्ड डेकमध्ये राहून 61 होणं किंवा जोडीतलं एक आत गेलं पण दुसरं बाहेर आलंच नाही, हे फार सहज घडतं, आणि पोकेमॉन किंवा कमांडरमध्ये एक कार्ड जास्त असलं तरी डेक बेकायदा ठरतो. स्लीव्हही तेव्हाच बघा: पुडीतली कार्डं कमी हाताळलेली असतात, त्यांचे स्लीव्ह नवे दिसतात आणि पाठीमागून ओळखू येतात. सगळे एकदम बदला.